भोंगाताईचा ‘स’

दातांवरच्या तारा निघाल्या त्या दिवशी भोंगाताई आरशासमोरून हलायला तयार नव्हती. दवाखान्यातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या तिने हातातला छोटा आरसा वर केला, खाली केला, डावीकडे धरला, उजवीकडे धरला. मग जिभेने दातांवरून एक फेरी मारली. दोनेक वर्षं तिथे धातूचे खडे होते. आता सगळं गुळगुळीत, नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखं.

भोंगाताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. शहराच्या मोठ्या बसस्थानकात, चौकशीच्या खिडकीमागे काचेची एक खोली होती. त्या खोलीत बसून ती गाड्यांच्या घोषणा करायची. ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींनी कधीतरी प्रेमाने हे नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की नवरासुद्धा लाडात आला की तेच वापरायचा. तिचा आवाज रोज हजारो माणसं ऐकायची, तोंड मात्र फारसं कोणी बघायचं नाही, आणि तिला ते बरंच होतं. तिचे वरचे समोरचे दोन दात एकमेकांच्या अंगावर रेललेले होते. हसू यायच्या आधीच तिचा हात तोंडावर जायचा. लग्नाच्या फोटोतसुद्धा ओठ असे मिटलेले, की नवरीला कोणी रागावलंय की काय असं वाटावं.

चाळिशी ओलांडल्यावर एक दिवस तिने मनावर घेतलं. “या वयात?” असं विचारणारे भेटलेच. “मग कोणत्या वयात? पुढचं तर अजून लांब आहे,” असं म्हणून ती मोकळी झाली.

“झालं ना डॉक्टर? सुटले मी?” आरसा खाली ठेवत तिने विचारलं.

“दात सुटले, तुम्ही नाही,” डॉक्टर हसून म्हणाली. ती तिशीतली, बोलायला मोकळी बाई होती. तिने एका डबीतून गुलाबी रंगाची पातळ प्लेट काढली. टाळूला चिकटून बसेल असा तिचा आकार होता आणि पुढून दातांवरून जाणारी एक चकचकीत तार. “आता ही घालायची.”

“पुन्हा तार?”

“ऐका. आपण दात हलवले म्हणजे काय केलं? दात हाडात रुतलेला असतो. तो सरकत गेला तसं एका बाजूचं हाड विरघळत गेलं आणि दुसऱ्या बाजूला नवं भरत आलं. ते नवं हाड अजून कच्चं आहे. शिवाय दाताला धरून ठेवणारे बारीक बारीक धागे असतात हिरडीत. ते ताणले गेलेत. ताणलेलं रबर सोडलं की काय होतं?”

“मागे येतं.”

“तसेच हे. मोकळे सोडले की दात जुन्या घराची वाट धरतात. ही प्लेट दात हलवणार नाही, आहेत तिथे धरून ठेवणार. जेवताना आणि दात घासताना काढायची, बाकी दिवसरात्र तोंडात. काही महिन्यांनी सगळं घट्ट झालं की मग फक्त झोपताना.” खालच्या दातांना तिने आतल्या बाजूने एक बारीक तार चिकटवून टाकली होती, तिचा काही त्रास नव्हता. “आणि धुवायची गार पाण्याने. गरम पाणी अजिबात नाही, ही वाकते. कळलं?”

भोंगाताईने प्लेट तोंडात बसवली, खटकन आवाज झाला. “शमजलं,” ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. त्यांना वरची-खालची कवळी होती, बऱ्याच वर्षांची. सुनेच्या तोंडातली गुलाबी वस्तू बघून त्यांचे डोळे लकाकले.

“म्हणजे तुझीही कवळी झाली की गं!”

“कवळी नाही, शाशूबाई. प्लेट.”

एरवी ती त्यांना आईच म्हणायची. पण आज तोंडात काय बसवलंय ते दाखवायला मुद्दाम सगळ्यात अवघड शब्द निवडला. सासूबाईंना इतकं हसू आलं की त्यांनी पटकन वरची कवळी अंगठ्याने दाबून धरली. अलीकडे ती सैल झाली होती. बोलताना खटखट वाजायची, म्हणून एकेकाळी अख्खी इमारत बोलण्यात गुंडाळणाऱ्या बाई आता ‘हं’ आणि ‘नको’ यांवर भागवायच्या.

नवरा काचा बसवण्याचं काम करायचा. दुकानांच्या दर्शनी काचा, खिडक्या, बाथरूमचे आरसे. त्याने प्लेट हातात घेऊन उजेडात धरली. “साधी गोष्ट आहे. आम्ही काच बसवली की पुट्टी सुकेपर्यंत कडेला बारीक खिळे मारून ठेवतो, काच सरकू नये म्हणून. तेच हे.”

“माझ्या तोंडात खिळे मारलेत अशं लोकांना शांगू नकोश,” ती म्हणाली, आणि तिघंही हसत सुटली. तोंडावर हात न ठेवता हसायची तिची ती पहिलीच संध्याकाळ.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. तिचा आवाज म्हणजे तिची मिळकत होती. एवढ्या कलकलाटात, इंजिनांच्या घरघरीत तिचा शब्द न् शब्द सुटा ऐकू यायचा. आंधळ्या प्रवाशांना ती ओळखीची वाटायची, परगावहून आलेली माणसं खिडकीशी येऊन ‘तुम्हीच का त्या?’ असं विचारायची. तिने माइकचं बटण दाबलं आणि नेहमीच्या सहजपणे सुरुवात केली.

“शहा नंबरच्या फलाटावरून शुटणारी शदतीश क्रमांकाची बश शव्वाशात वाजता शुटेल.”

मग चहाच्या टपरीजवळ कोणीतरी फिसकन हसलं आणि ते हसू फलाटाफलाटाने पसरत गेलं. लोक वाईट नव्हते. पण एवढा मोठा भोंगा, आणि त्यातून आलेलं ‘शदतीश’! मिशीवाले काका, म्हणजे सदतीस नंबरचे जुने ड्रायव्हर, खिडकीशी येऊन अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “ताई, शोडू का गाडी?”

ती हसली. हसायलाच हवं होतं. पण दुपारपर्यंत तिचा घसा कोरडा पडला. प्रत्येक वाक्यात ‘स’ तिची वाट अडवून बसलेला. बस, सुटेल, सूचना, प्रवासी, सामान, सावकाश. एवढे ‘स’ या भाषेत आहेत हे तिला आजवर कधी जाणवलंच नव्हतं. तिने ‘सुटेल’च्या जागी ‘निघेल’ म्हणून पाहिलं, ‘सामान’च्या जागी ‘बोचकी’. “आपापली बोचकी जपा” ऐकून नियंत्रक साहेब खोलीत डोकावले. पोट सुटलेले, शांत स्वभावाचे गृहस्थ. “बरी आहेस ना?” एवढंच त्यांनी विचारलं. त्यातल्या काळजीनेच तिला जास्त लागलं.

चार दिवस तिने रेटलं. पाचव्या दिवशी कामाला बसण्याआधी प्लेट काढून डबीत ठेवली, डबी खणात. ‘घोषणेपुरती,’ तिने मनाशी ठरवलं. आवाज पुन्हा काचेसारखा झाला आणि मिशीवाल्या काकांनी लांबूनच हात जोडले.

घोषणेपुरती म्हणता म्हणता ती पाळीपुरती झाली. मधल्या वेळात घालायची राहून जायचं. त्यातच दुसऱ्या पाळीची निवेदिका बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिचेही काही तास भोंगाताईच्या वाट्याला आले. आता प्लेट खणात जास्त आणि तोंडात कमी. संध्याकाळी घरी आल्यावर ती घालताना दातांना ठणका लागायचा, जणू बोटाला तंग झालेली अंगठी. हा ठणका काय सांगतोय ते तिला कळत होतं. डॉक्टरने समजावलेलं ती विसरली नव्हती. पण रोज सकाळी माइक समोर आला की ती तेवढ्यापुरतं विसरायची.

एका सुट्टीच्या दिवशी जेवताना तिने प्लेट काढून बेसिनजवळच्या पेल्यात ठेवली आणि जेवण झाल्यावर थकून तशीच पलंगावर आडवी झाली. सासूबाई भांडी आवरायला उठल्या. त्यांच्या कवळीचा पेला आणि सुनेच्या प्लेटचा पेला शेजारी शेजारी होते. पोरगी दिवसभर राबते, हिला धड एक दुपार मिळत नाही, असं त्यांच्या मनात आलं. स्टोव्हवर किटलीत पाणी खदखदत होतं. त्यांनी मायेने ते त्या प्लेटवर ओतलं, सगळे जंतू मरू देत म्हणून. काही वेळाने चिमट्याने बाहेर काढली, फडक्याने पुसली, पुन्हा पेल्यात ठेवली. एक कड जरा वर उचलल्यासारखी दिसली खरी. पण ती आधीही तशीच असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी भोंगाताईने प्लेट तोंडात घातली तर ती बसेचना. एका बाजूने दाबली की दुसरीकडून उठायची. तिने आरशात पाहत अंगठ्याने जोर लावला, तसे डोळ्यांत पाणी आलं.

‘पळाले,’ तिच्या मनात आलं. ‘माझे दात पळाले.’

तिला सासूबाईंच्या किटलीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. तिने सगळा दोष स्वतःच्या माथी घेतला. दोन वर्षं सोसलं, आणि चार हसणाऱ्या माणसांसाठी वाया घालवलं. डॉक्टरला कोणत्या तोंडाने सांगायचं? अक्षरशः कोणत्या तोंडाने! तिने प्लेट डबीत टाकली आणि डबी कपाटात.

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी पेला रिकामा पाहिला. तिसऱ्या दिवशीही रिकामा. ती वर उचललेली कड त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. सुनेला विचारावं तर आपलं पितळ उघडं पडणार. त्याही गप्प बसल्या. दोघी एकमेकींशी इतक्या गोड वागू लागल्या की नवऱ्याला शंका आली.

“भांडण झालंय का तुमचं?”

“नाही बाबा,” आई म्हणाली.

“छे,” बायको म्हणाली.

“मग हे चाललंय काय? काल दोघींनी मिळून माझे मोजे इस्त्री केले.”

काही आठवडे असेच गेले. मग एका रविवारी शेजारच्या बाई गप्पा मारायला आल्या. त्यांनी आपल्या मांजराचा काहीतरी पराक्रम सांगितला, सगळे खळखळून हसले, आणि सासूबाईंनी पाहिलं की सुनेचा हात तोंडावर गेला होता. जुन्या सवयीने, झटकन, वरच्या ओठापर्यंत. त्यांच्या काळजाला ते टोचलं. शेजारीण गेल्याबरोबर त्यांनी सुनेला खिडकीतल्या उजेडात ओढलं.

“दात दाखव.”

“आई, काहीतरीच काय!”

“दाखव म्हणते ना.”

समोरच्या दोन दातांपैकी एक किंचित पुढे आला होता. परक्याला दिसलं नसतं. पण या घरातल्या माणसांनी ते दात सरळ होताना दर आठवड्याला पाहिले होते. सासूबाईंनी हनुवटी सोडली. दुसऱ्या दिवशी भोंगाताई कामावरून आली तर त्या बाहेर जायच्या तयारीत, पायांत चपला घालून बसलेल्या.

“कुठे निघालात?”

“निघालात नाही, निघालोत. तुझ्या त्या डॉक्टरणीकडे. मी फोन केलाय.”

कवळी वाजते म्हणून ज्या बाईंनी सख्ख्या बहिणीशीसुद्धा फोनवर बोलणं सोडलं होतं, त्यांनी परक्या दवाखान्यात फोन करून वेळ घेतली होती.

डॉक्टरने डबी उघडली, प्लेट हातात घेतली आणि तिच्या भुवया वर गेल्या. ती काही विचारणार तोच भोंगाताईचा बांध फुटला.

“माझंच चुकलं, डॉक्टर. कामावर असताना मी काढून ठेवत होते. बोलणं बोबडं व्हायचं, लोक हसायचे. आधी थोडा वेळ, मग जास्त. त्यामुळे दात सरकले आणि आता ही बसत नाही.”

“नाही हो, तिचं काही ऐकू नका,” सासूबाई खुर्चीमागून पुढे आल्या. कवळी खटखटत होती, पण आज त्यांना पर्वा नव्हती. “मी उकळतं पाणी ओतलं त्यावर. चांगलं खदखदतं. ही झोपली होती. तेव्हापासून बसत नाही.”

भोंगाताईने मान वळवली. “उकळतं पाणी?”

“जंतू मरतात गं.”

“आणि तुम्ही इतके दिवस...”

“आणि तू इतके दिवस?”

डॉक्टरने तोंडावरचा मास्क वर ओढला. त्याखाली ती हसत होती हे डोळ्यांवरून कळत होतं.

“म्हणजे एकीने दातांना मोकळं सोडलं आणि दुसरीने त्यांचं कुंपण वाकवलं. शाबास. चला, बघू तरी.”

तिने नीट तपासलं. दिवा सरकवला, बारीक आरशाने प्रत्येक दात आतून पाहिला, तिच्या दातांचा जुना साचा काढून शेजारी धरला. तोवर सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

“फार नाही सरकले,” ती शेवटी म्हणाली. “पहिले काही महिने सगळ्यात नाजूक असतात. आणखी उशीर केला असता तर पुन्हा ताराच लावायला लागल्या असत्या. आता आधी काही आठवडे पारदर्शक साचे घालू. एक झाला की पुढचा. त्यांच्यामुळे दात परत जागेवर येतील. मग नवीन प्लेट. तुम्ही ती वाकलेली दाबून बसवली नाहीत हे मात्र चांगलं केलंत.”

“बोबडेपणाचं काय?” भोंगाताईने हळूच विचारलं.

“जीभ हुशार असते. टाळूवर नवी भिंत आली की ती काही दिवस धडपडते, मग वाट शोधते. पण प्लेट तोंडात असली तरच शोधणार ना? तुम्ही रोज काढून ठेवत होतात, म्हणजे तिला शिकायची संधीच दिली नाहीत. मोठ्याने वाचा, घरी. अवघड शब्द मुद्दाम घ्या.”

मग तिची नजर सासूबाईंकडे वळली. “आणि आजी, तुमची कवळी बोलताना वाजतेय.”

“वाजू दे. तेवढीच सोबत.”

“दात नसले की जबड्याचं हाड हळूहळू झिजतं. कवळी तीच राहते, खालची जमीन बदलते. आतून नवा थर दिला तर घट्ट बसेल.”

“आता काय करायचंय मला,” म्हणत सासूबाई दाराकडे सरकल्या.

तेव्हा त्या लहानशा खोलीत बसस्थानकाचा आवाज घुमला. “प्रवाशांनी कृपया आपल्या जागेवर बसून घ्यावे!” बाहेर थांबलेल्या दोन पेशंटांनीसुद्धा पटकन खुर्च्या पकडल्या. सासूबाई मुकाट्याने बसल्या.

महिना-दीड महिन्यात घरात दोन नवीन तोंडं झाली. भोंगाताईचा दात जागेवर गेला, नवी प्लेट आली. सासूबाईंची कवळी आतून भरून आली, आणि गंमत म्हणजे ती इतकी घट्ट बसली की त्यांनाही बोलायला अडचण होऊ लागली. सैल कवळीला सांभाळत बोलायची जिभेला सवय झाली होती. आता सांभाळायला काही नव्हतं, तर तिला काय करावं कळेना.

“बरं झालं,” भोंगाताई म्हणाली. “बशा आता माझ्याबरोबर वाचायला.”

“बशा कुठे आहेत? कपाटात,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्या पहिल्या संध्याकाळी वाचन काही झालंच नाही.

पण दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसायच्या आणि हाताला लागेल ते मोठ्याने वाचायच्या. औषधाच्या बाटलीवरची सूचना. साबणाच्या पुड्यावरचा मजकूर. जुन्या मासिकातल्या कथा. एकीने एक ओळ, दुसरीने पुढची. वाचून संपलं तेव्हा सासूबाईंनी स्वतः एक वाक्य रचलं: “सुस्त सशाची शिस्त शेजारच्या सशाला सोसेना.”

“शुश्त शशाची...” भोंगाताई अडखळली.

“सावकाश. जीभ जरा मागे ठेव. दातांना टेकवू नकोस.”

“शुस्त...”

“आला, आला! मधला आला!”

नवरा दारात उभा राहून पोट धरून हसत होता. “शेजारच्या सशाचं नाव तरी काय?” त्याने विचारलं, तेव्हा दोघींनी मिळून त्याला बाल्कनीत पाठवलं आणि दार लावून घेतलं. काचेतून तो आत बघत राहिला. त्या दोघींचे ओठ हलत होते, मधेच एक टेबलावर हात आपटत होती, मधेच दुसरी. आई इतकं बोलतेय, हे त्याने फार दिवसांनी पाहिलं. त्याने दार वाजवलं नाही.

भोंगाताई आता प्लेट घालूनच माइकसमोर बसायची. सुरुवातीला ‘स’ पुन्हा घसरला, पुन्हा टपरीवर हशा झाला. यावेळी तिने माइकवरूनच सांगून टाकलं: “प्रवाशांना शूचना. निवेदिकेच्या तोंडात दातांची प्लेट आहे. ‘श’ ऐकू आल्याश ‘स’ शमजावा. धन्यवाद.” त्या दिवशीचा हशा वेगळा होता. टाळ्याही पडल्या. एक शाळकरी मुलगी खिडकीशी आली आणि न बोलता स्वतःच्या तारा दाखवून पळाली. मिशीवाले काका मात्र नेहमीच्या गंभीरपणे म्हणाले, “ताई, तुम्ही काहीही म्हणा, शदतीश वेळेवर शुटणार.”

दिवसांमागून दिवस गेले. ‘स’ कधी यायचा, कधी निसटायचा. तिने त्याच्यामागे धावणं सोडलं होतं. घरी सशाची शिस्त चालू होती, तेवढं पुरे होतं.

मग एका सकाळी बसस्थानकाखालचा मोठा पाण्याचा पाइप फुटला. बघता बघता अर्ध्या फलाटांवर घोटाभर पाणी झालं. म्हाताऱ्या बायका बाकांवर चढल्या, कोणाची बॅग तरंगत निघाली, गाड्या रस्त्यावरच अडकल्या. नियंत्रक साहेब पॅन्ट दुमडून धावत खोलीत आले. कोणती गाडी कुठे लावायची ते त्यांनी भराभर सांगितलं आणि तसेच पळाले.

भोंगाताईने बटण दाबलं. सगळे घाबरलेत हे तिला काचेतून दिसत होतं. तिने आवाज खाली आणला, संथ केला. सहावरची गाडी सोळावर, सातवरची सतरावर. समोरच्या जिन्याने सावकाश वर जा, घाई करू नका, सगळ्या बस सुटणार आहेत. लहान मुलांना कडेवर घ्या. निळ्या छत्रीवाले आजोबा, तुमची बस सदतीस, ती समोरच्या रस्त्यावर उभी आहे, कंडक्टर तुम्हाला घ्यायला येतायत. ती बघत होती आणि बोलत होती. माणसं तिच्या शब्दामागून चालत होती. गर्दी हळूहळू सुटली, रांगा लागल्या, गाड्या एकामागून एक निघाल्या. दुपारी पाणी ओसरलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलेलो नाही.

साहेब ओल्या पायांनी आत आले आणि स्टुलावर मटकन बसले. “वाचवलंस बाई आज. एक अक्षर चुकलं नाही. बरं केलंस, प्लेट काढून ठेवलीस ते.”

भोंगाताईने जीभ टाळूला लावली. मग तोंड मोठं उघडून साहेबांना दाखवलं. गुलाबी प्लेट जागच्या जागी होती, आणि तिच्यापुढे सरळ रांगेत उभे राहिलेले दात.

साहेब वाकून बघत राहिले. “अरेच्चा,” ते म्हणाले.

ती मात्र हसली, अगदी सगळे दात दाखवून. मग तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि अर्धी रिकामी केली.

काही महिन्यांनी दोघी पुन्हा डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरने प्रत्येक दात हलवून पाहिला, आणि एकही हलला नाही. “छान धरलंय हाडाने. आता फक्त झोपताना घाला.”

“कधीपर्यंत?”

“दात सरळ हवेत तोपर्यंत.”

“म्हणजे कायमच.”

“म्हणजे कायमच. वयाबरोबर सगळ्यांचेच दात थोडे थोडे सरकत असतात, तारा लावलेल्या असोत की नसोत.”

भोंगाताईला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला जड जाईल. तसं काही झालं नाही. रोज झोपायच्या आधी दार लावतोच, दिवा मालवतोच, त्यात एक ही. सासूबाईंनी कवळीही दाखवून घेतली. मग फोनवर बहिणीला सांगायला हवं म्हणून दवाखान्यातल्या सगळ्या नव्या यंत्रांची चौकशी केली. डॉक्टरला पुढच्या पेशंटला आत घ्यायचं होतं, पण तिने शांतपणे सगळी उत्तरं दिली.

परतताना दोघी बसस्थानकातून घरची बस पकडायला थांबल्या. सुट्टीचा दिवस असल्याने भोंगाताई आज प्रवाशांच्या बाकावर होती. भोंग्यातून घोषणा झाली. दुसऱ्या पाळीची निवेदिका रजेवरून परत आली होती. सासूबाईंनी मान तिरकी करून लक्ष देऊन ऐकलं.

“आवाज गोड आहे पोरीचा,” त्या म्हणाल्या. “पण ‘स’ जरा कच्चा वाटतो. हिलापण प्लेट आहे का गं?”

“नाही आई, सर्दी झालीय तिला.”

“मग संध्याकाळी घरी घेऊन ये. वाचायला बसवू.”

बस आली. भोंगाताईने त्यांचा हात धरला, आणि दोघी सावकाश पायरी चढल्या.